डॉक्टरांच्या खिशातील टाचण



रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात चाकांवर चालणारी, खणाखणांची एक गाडी उभी असते. तिला तेथील मंडळी 'क्रॅश कार्ट' म्हणतात. वर हृदयाला विजेचा धक्का देणारे डिफिब्रिलेटर यंत्र, खालच्या खणांत इंजेक्शने, सलाइनचे साहित्य, श्वासनलिकेत घालावयाच्या नळ्या. या गाडीच्या कडेला दोरीने अडकविलेले, किंवा निवासी डॉक्टरांच्या नाहीतर सिस्टरच्या खिशात ठेवलेले, तळहाताएवढे लॅमिनेट केलेले एक कार्ड आपल्यापैकी काहींच्या दृष्टीस पडले असेल. बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात कोणत्या क्रमाने काय करावयाचे, एवढेच त्यावर छापलेले असते. या महिन्यात त्या कार्डाविषयी लिहावयाचे योजिले आहे.

विषय किरकोळ वाटेल. परंतु आपल्या समाजातील अनेक कुटुंबे धर्मादाय रुग्णालयांच्या, दवाखान्यांच्या आणि डायलिसिस केंद्रांच्या विश्वस्त मंडळांवर काम करतात. देणगीतून रुग्णवाहिका येते, यंत्रे येतात, दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी लागते. कार्डावर कोणाचे नाव कोरता येत नाही. कदाचित म्हणूनच विश्वस्तांच्या सभेत त्याची विचारपूस झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

प्रथम एक भेद सांगतो, कारण बोलण्याच्या ओघात आपण दोन्ही गोष्टींना 'अटॅक'च म्हणतो. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी रोहिणी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छाती दुखते, घाम फुटतो. ज्याला डॉक्टर 'कार्डिॲक अरेस्ट' म्हणतात त्यात मात्र हृदयाचे पंपासारखे चालणारे कामच थांबते. माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा आचके दिल्यासारखा येतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते. दुसऱ्याचा हिशेब मिनिटांचा. मेंदूला ४ ते ६ मिनिटे रक्त मिळाले नाही तर कायमची इजा होऊ लागते. आणि विजेच्या धक्क्याने पूर्ववत होऊ शकणाऱ्या हृदयाच्या बाबतीत छातीवर दाब देणे सुरू झाले नाही, तर प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. इतक्या चढ्या दराने बुडणारे खाते मी बँकेच्या उभ्या नोकरीत पाहिले नाही.

छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील काउवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० साली प्रसिद्ध केले. गंमत अशी की, त्यांतील काउवेनहोवेन हे पेशाने विद्युत अभियंता. त्या काळी पद्धत दोन हातांची होती, तिला कार्डाची गरज नव्हती. पुढील साठ-पासष्ट वर्षांत तीत यंत्रे आली, औषधे आली, क्रम आला, आणि ती एकट्या स्मरणशक्तीच्या भरवशावर सोडण्याजोगी राहिली नाही.

आज रुग्णालयातील दृश्य असे असते. एक जण मिनिटाला १०० ते १२० या गतीने छातीवर ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब देत असतो. त्याचे हात थकतात, म्हणून दर दोन मिनिटांनी त्याची जागा दुसऱ्याने घ्यावयाची. आणखी एक जण 'अंबू बॅग' दाबून श्वास देतो, ३० दाबांमागे २ श्वास. दोन मिनिटे भरली की पडद्यावरील आलेख पाहावयाचा. आलेखाचे चार प्रकार संभवतात. त्यांतील दोहोंना विजेचा धक्का द्यावयाचा, उरलेल्या दोहोंना द्यावयाचा नाही. (चित्रपटात पडद्यावर सरळ रेषा दिसताच धक्का देतात, प्रत्यक्षात सरळ रेषेला धक्क्याचा काही उपयोग नसतो.) ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. धक्क्यांना दाद न मिळाल्यास अमिओडॅरोन प्रथम ३०० आणि नंतर १५० मिलिग्रॅम. शेवटचे इंजेक्शन कितव्या मिनिटाला दिले, हे कोणीतरी लिहून ठेवावयाचे, कारण अशा वेळी काळाचे भान राहत नाही.

हे सारे चालू असतानाच, हृदय मुळात थांबले का, याचाही शोध घ्यावयाचा असतो. त्याची दहा प्रमुख कारणे इंग्रजी 'एच' आणि 'टी' या अक्षरांच्या आधाराने लक्षात ठेवतात. एका गटात प्राणवायूची उणीव, रक्त किंवा पाण्याचा मोठा ऱ्हास, रक्तातील आम्लता, पोटॅशियमचे कमीअधिक प्रमाण आणि शरीराचे घसरलेले तापमान. दुसऱ्या गटात छातीच्या पोकळीत कोंडलेली हवा, हृदयाभोवती साचलेले रक्त किंवा द्रव, विषबाधा, हृदयातील गुठळी आणि फुप्फुसातील गुठळी. डायलिसिसच्या रुग्णाचे पोटॅशियम वाढून हृदय थांबले असेल तर केवळ दाब देऊन भागत नाही, शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते. हे प्रत्येक डॉक्टर विद्यार्थिदशेत शिकलेला असतो. प्रश्न असतो तो पहाटे तीन वाजता, घामाने निथळत असताना, दाराबाहेर नातेवाइकांचा आक्रोश चालू असताना ते नेमके आठवण्याचा. शिकलेले वेळेवर हाताशी यावे, एवढ्यासाठी ते कार्ड.

या दिशेने झालेल्या कामात एक नाव आपल्या मातीशी नाते सांगणारे आहे. बोस्टन येथील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याच्या उटी या गावचे. अमेरिकेत ओहायो राज्यातील अथेन्स गावी त्यांनी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि आपल्या आईच्या नावे उमरखेडला महाविद्यालय उभे करण्यास साहाय्य केले. पुत्र अतुल यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेपूर्वी व शस्त्रक्रियेनंतर वाचावयाची एक तपासणी-यादी तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व केले. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा वापर करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ वर. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. कागदाचे एक पान वाढले होते.

आपल्या विषयाला त्याहून जवळचा प्रयोग २०१३ सालचा. त्यातही डॉ. गावंडे सहभागी होते. शस्त्रक्रिया विभागातील १७ पथकांना कृत्रिम रुग्णाच्या पुतळ्यावर १०६ आणीबाणीचे प्रसंग हाताळावयास दिले. हृदयक्रिया बंद पडणे हे त्यांत होतेच. निम्म्या प्रसंगांत हाताशी कार्डे होती, निम्म्यांत नव्हती. कार्डे नसताना आवश्यक कृतींपैकी २३ टक्के राहून गेल्या, कार्डे असताना ६ टक्के. प्रयोग खऱ्या रुग्णांवर नव्हता, हे ध्यानात ठेवावे. पण पथके खरी होती आणि अनुभवी होती. प्रयोगानंतर त्या मंडळींना विचारले, 'टेबलावर तुम्ही स्वतः असाल तर तुमच्या पथकाने कार्ड वापरावे काय?' ९७ टक्के जणांनी 'होय' म्हटले. मला या प्रयोगातील सर्वांत बोलका आकडा हाच वाटतो.

बँकेतील माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. एकाने व्हाउचर करावयाचे, दुसऱ्याने तपासावयाचे. तीस वर्षे सेवा झालेला रोखपालसुद्धा दिवसअखेर रोकड मोजून नोंदवहीत मूल्यवार लिहितो. 'मला तोंडपाठ आहे' असे म्हणून वही बाजूला सारीत नाही. तेथे फार तर पैशाचा फरक निघणार असतो.

परंतु आपली मनोवृत्ती विचित्र आहे. माझे एक स्नेही किराणा मालाचे घाऊक व्यापारी आणि एका धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त. गप्पांच्या ओघात म्हणाले, "साहेब, आमच्याकडचा तरुण डॉक्टर पेशंट समोर असताना खिशातून कार्ड काढून बघत होता. लोकांनी पाहिलं. आमची काय शोभा राहिली?" मी विचारले, "शेठजी, तुमचे दिवाणजी किती वर्षांचे?" "पंचवीस." "मग जीएसटीचा दर तोंडपाठ असेल त्यांना. तक्ता बघतात की नाही?" "बघतातच की! दर बदलला असला तर भुर्दंड कोण भरणार?" हे वाक्य संपताच ते स्वतःच हसले.

डॉक्टरने कार्ड पाहणे म्हणजे त्याला येत नाही, हा समज नातेवाइकांच्या मनात असतो, हे मी नाकारीत नाही. याच समजातून आरडाओरडा होतो, कधी हातही उगारला जातो. आपल्या राज्याला २०१० मध्ये वैद्यकीय सेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. नातेवाइकांच्या धाकाने डॉक्टरने कार्ड खिशातच ठेवले, तर त्याची किंमत आपलाच माणूस मोजील.

लहान मुलाच्या बाबतीत तर कार्डावाचून गत्यंतर नाही, असे माझे मत झाले आहे. येथे गणित आडवे येते. आपल्याकडे ॲड्रेनॅलिनची कुपी बहुधा १ मिलिलीटरची असते आणि तीत १ मिलिग्रॅम औषध असते. मोठ्या माणसाला ती सबंध द्यावयाची. मुलाला मात्र वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला ०.१२ मिलिग्रॅम, म्हणजे कुपी पातळ करून १० मिलिलीटर केली तर त्यातील १.२ मिलिलीटर. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट. शांतपणे टेबलाशी बसून हे गणित सातवीतला मुलगाही सोडवील. मूल निपचित पडलेले असताना ते सोडविण्याची पाळी कोणावर आणूच नये, म्हणून कार्डावर किलोवार मात्रेचा तयार तक्ता असतो.

आणि वजन तरी कोठे ठाऊक असते? अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनाचे डॉ. जेम्स ब्रोस्लो यांनी १९८० च्या दशकात यावर एक रंगीत पट्टी काढली. ती मुलाशेजारी पसरावयाची, टाचेपर्यंतचा रंग पाहावयाचा. त्या रंगाच्या चौकोनात वजनाचा अंदाज, औषधांच्या मात्रा आणि नळीचे माप छापलेले. कल्पना सुरेख आहे. पण मापे अमेरिकी मुलांची! भारतीय मुलांवर ती ताडून पाहणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा किलोंवरील मुलांचे वजन पट्टी दहा टक्क्यांहून अधिक जास्त दाखविते असे आढळले. परदेशी ताजव्याचे वजन आपल्या बाजारात पारखून घ्यावे लागते, हे या अंकाच्या वाचकांस मी काय सांगावे?

कार्डाचा दुसरा शत्रू म्हणजे जुने कार्ड. रिझर्व्ह बँकेचे नवे परिपत्रक आले की जुने फाइलमधून काढून टाकावे लागे. दोन्ही राहिली तर घाईत हाताला नेमके जुने लागते. येथेही तसेच. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत २००५ पर्यंत १५ दाबांमागे २ श्वास होते, त्या वर्षी ते ३० मागे २ झाले. २०१० मध्ये क्रमच बदलला: पूर्वी आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग दाब, आता दाब प्रथम. ॲट्रोपिन हे औषध सरळ रेषेच्या रुग्णाला नेमाने दिले जाई, तेही त्याच वर्षी वगळले. २०१५ मध्ये दाबाच्या गतीला आणि खोलीला वरची मर्यादा आली. वीस वर्षांपूर्वीचे चकचकीत कार्ड भिंतीवर असणे हे कार्ड नसण्यापेक्षा बरे की वाईट, यावर वाद घालता येईल. मी तर ते उतरवून ठेवीन.

आपल्या देशातही स्वतंत्र विचार झाला आहे. भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये तीन पातळ्यांच्या सूचना प्रसिद्ध केल्या. सामान्य नागरिकांसाठी 'कॉल्स', म्हणजे केवळ छातीवरील दाब. रुग्णालयाबाहेर काम करणाऱ्या प्रशिक्षितांसाठी दुसरी पातळी. रुग्णालयातील डॉक्टर-परिचारिकांसाठी तिसरी, सर्वांगीण. आपल्याकडील अपुरी साधने डोळ्यांपुढे ठेवून त्या आखल्या आहेत. कोणाच्या सूचना स्वीकाराव्यात हे रुग्णालयातील तज्ज्ञांनी ठरवावे. एका गाडीवर एकाच पद्धतीचे कार्ड असावे, एवढे मात्र विश्वस्तांना पाहता येईल.

नाशिककरांना या विषयात अधिक लक्ष घालण्यास दोन कारणे आहेत. गजपंथाच्या दर्शनाला म्हसरूळकडे जाताना आपण ज्याच्या परिसरावरून जातो, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात आहे. राज्यभरातील वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा विद्याशाखांची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. राज्यात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली ती ९३७ वाहनांनिशी, त्यांतील २३३ अत्याधुनिक साधनांची आणि प्रत्येकीत डॉक्टर. या वाहनांवर आयुर्वेदाचे पदवीधरही मोठ्या संख्येने काम करतात. ज्याच्या हाती असा प्रसंग रोज येत नाही, त्यालाच खिशातल्या टाचणाची निकड अधिक.

दुसरे कारण २०२७ चा सिंहस्थ. पर्वणीच्या काळात गोदाकाठी आणि त्र्यंबकेश्वरी तात्पुरते दवाखाने उभे राहतात. तेथे बाहेरगावाहून आलेले डॉक्टर आणि परिचारिका एकमेकांची नावेही न जाणता एकत्र येतात. गाडीचा कोणता खण कशाचा, हे ठाऊक नसते. ओळखीच्या पथकाला कार्ड उपयोगी पडते, अनोळखी पथकाला तर तेच समान भाषा पुरविते. आपल्या संस्था सिंहस्थात अन्नछत्रे चालवितात, औषधे पुरवितात. त्या खर्चात कार्डांचा एक गठ्ठा सहज बसेल.

विश्वस्तांनी काय पाहावे? मी डॉक्टर नाही. पण लेखापरीक्षकाच्या नजरेने काही गोष्टी दिसतात. कार्डावरील विजेच्या मात्रेचा आकडा आपल्याच यंत्राचा आहे काय? आजची बहुतेक यंत्रे पहिल्या धक्क्याला १२० ते २०० जूल वापरतात आणि नेमका आकडा उत्पादक सांगतो. जुन्या पद्धतीच्या यंत्राला ३६० लागतात. देणगीत एखादे जुने यंत्र आले असेल आणि कार्ड नव्याचे असेल, तर दोन्ही निरुपयोगी. तीच गोष्ट कुपीची: खरेदी विभागाने वेगळ्या मापाची कुपी आणली तर कार्डावरील मिलिलीटर बदलावे लागतात. कार्डावर तारीख आणि मान्यता देणाऱ्या तज्ज्ञाची सही असावी. भाषा सोपी, अक्षर मोठे. रात्रपाळीच्या सिस्टर आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी एक बाजू मराठीत असण्यास हरकत नसावी.

आणि कार्ड कोणी वाचावयाचे हे आधी ठरलेले असावे. ज्याचे हात छातीवर आहेत तो वाचू शकत नाही. प्रमुख डॉक्टर विचारात गढलेला असतो. म्हणून एकाने बाजूला उभे राहून केवळ मोठ्याने वाचावे आणि घड्याळ पाहावे, अशी पद्धत अनेक ठिकाणी शिकवितात. रोकड मोजणारा एक आणि आकडा लिहिणारा दुसरा, त्यातलाच हा प्रकार. महिन्यातून एकदा पुतळ्यावर सराव झाला नाही तर कार्ड दोरीला लटकतच राहते.

घरी किंवा पेढीवर कोणी कोसळल्यास आपणांस कार्डाची गरज नाही. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद पाहा. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाने १०८ लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताने जोराने, मिनिटाला १२० च्या सुमाराने दाब सुरू करावे, आणि मदत येईपर्यंत, माणसे आलटून पालटून, थांबू नये. पाणी पाजू नये. हे दहा मिनिटांत शिकता येते. आपल्या मंडळाच्या एखाद्या स्नेहमेळाव्यात त्याचे प्रात्यक्षिक ठेवावे.

कार्ड बदलावयाचे केव्हा, याची आठवण ठेवण्यास आपल्यासाठी एक सोय आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मोठ्या सुधारणा २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ अशा चारही वेळा ऑक्टोबर महिन्यात आल्या, आणि २०२५ ची सुधारणा २२ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन पाडव्याच्या दिवशी. त्या दिवशी आपण नव्या वह्या उघडतो. त्याच सप्ताहात विश्वस्त मंडळाच्या चिटणिसांनी अतिदक्षता विभागाच्या प्रमुखांना एक चिठ्ठी पाठवावी: गाडीवरील कार्डाची तारीख कोणती, आणि ते बदलण्याची गरज आहे काय. उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.